शॉनकाकांच्या पबमधला चहा

चार वाजता आमच्या अमेरिकेतल्या आयसेलिन गावच्या आयरिश पबमध्ये जाऊन बसा. घरी येताना एक तरी किस्सा खिशात असतोच. मी सोळा वर्षांचा, त्यामुळे मला फक्त कोक मिळतो. पण किस्से फुल साइज!

*

मालक शॉनकाका सत्तरीचे. त्यांची जुनी आयरिश गिऱ्हाइकं काही वारली, बाकीची गाव सोडून गेली. गेल्या वर्षी दुपारी तिथे कोण? काका, त्यांचा कुत्रा आणि मी. फ्लोरिडाहून मुलगी नोरा रोज फोन करायची, "डॅड, पब विकून टाका ना."

"कस्टमर बसलाय, नंतर बोलतो."

कस्टमर म्हणजे कुत्रा!

*

मग नागपूरहून माझे आजोबा आले. रिटायर्ड हेडमास्तर, दारूबंदीवर भाषणं देणारे. मी त्यांना थेट पबमध्ये नेलं आणि सांगितलं, "आजोबा, ही लायब्ररी." काळं लाकूड, भिंतीला जुनी पुस्तकं. पटलं त्यांना!

त्या दिवशी नेमके कुठूनसे आलेले दोघं जण मॅच बघत ओरडत होते. आजोबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "सायलेन्स प्लीज!"

दोघं गप्प, यार!

*

शॉनकाकांनी चहा आणला. आयरिश चहा, एकदम कडक, वर भरपूर दूध. आजोबांनी डोळेच मिटले. "अमेरिकेतला पहिला चहा! तुझी आई देते ते गरम पाणी."

दुसऱ्या दिवशी आजोबा, आपापल्या मुलांकडे भारतातून राहायला आलेले आठ काका-काकू घेऊन हजर!

*

दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या टेबलावर बिअर आली आणि मी मेलो. आजोबा ओरडले, "अबे कारट्या, हा तर बार आहे!"

सगळे कप हवेत थांबले. ट्रे धरलेल्या शॉनकाकांचा चेहरा पांढरा. आजोबांनी जरा विचार केला.

"मी यायचं बंद केलं, तर या लोकांना सुधारणार कोण? अजून एक चहा आणा."

*

त्या आठांतल्या देशमुखकाकू एकदा चहात टाकायला आलं घेऊन किचनमध्ये घुसल्या. शॉनकाका आडवे आले. "नो! हा माझ्या आईचा चहा आहे."

काकूंनी आलं पर्समध्ये ठेवलं. "आईचा आहे? मग राहू दे."

तेव्हा मला दोघंही जाम आवडले.

*

परवा नोरा स्वतः आली, विक्रीचे पेपर घेऊनच. पब विकत घेणारं गिऱ्हाईक मिळालं होतं, फक्त शॉनकाकांची सही बाकी. पण काका चौदा जणांच्या चहात. देशमुखकाकूंनी तिच्या हातात ट्रे दिला, "बेटा, जरा तिकडे नेऊन दे." तासभर ती पळत होती.

तेवढ्यात एजंटचा फोन.

"उद्या सही? नाही जमणार," नोरा म्हणाली. "उद्या यांची एकादशी आहे. बटाटे उकडायचेत."