गेरूची रेघ

माझ्या कमरेवर नागीण उठली होती. तिचं तोंड आणि शेपूट मिळू नये म्हणून सासूबाई बोटानं ओल्या गेरूची रेघ ओढत होत्या. डॉक्टर म्हणाले, लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसेत निजून असतो, माणूस थकला की उठतो. हे कॅन्सरनं अंथरुणावर होते तेव्हा मला थकायला सवड नव्हती. ते गेल्यावर मिळाली. किती काय काय निजवून ठेवतो आपण अंगात.

लेक मोबाइलवर वाचत होती. "आई, कॅन्सरची काही औषधं या जातीच्या विषाणूंवर चालतील का, ते शास्त्रज्ञ बघतायत."

सासूबाईंचं बोट थांबलं.

"त्याला नाही लागू पडली," त्या म्हणाल्या. "तुला तरी पडू देत."

आणि त्यांनी बोट पुन्हा गेरूत बुडवलं.