मचाणीवरून ग्रामसभेत

धुरपता मडावीला आमच्या टोलीत लहानथोर सगळे आत्या म्हणतात. गिरडच्या टेकडीपलीकडे आम्हा गोंडांची तेवीस घरं. आत्याची शाळा दुसरीपर्यंत, आवाज मात्र तीन वावरं ओलांडणारा. जन्मभर तिनं लोकांच्या ज्वारीत मचाणीवर उभं राहून पाखरं हाकलली.

मी तेव्हा अकरावीला होते. एसटी टोलीवर थांबत नसे. चार किलोमीटर चालून पुढच्या गावात ती गाठावी लागे. बाबांनी सांगून टाकलं, "जूनपर्यंत थांबा नाई भेटला, तं कोकिळाची बारावी बंद."

थांब्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता.

"तूच बोलजो सभेत," आत्या म्हणाली.

"मी? आपली मानसं तं मागं चपलांपाशी बसतात, आत्या. कोनी तोंड उघडत नाई."

"पन्नास वर्सं चपला राखल्या आपन. एक तरी चोरीले गेली का? पुरे झालं आता!"

तिनं मला मचाणीवर चढवलं आणि स्वतः दूर बांधावर जाऊन बसली. आधी "हाऽऽ हो!" करून पाखरं उडवायची, मग सभेतलं वाक्य म्हणायचं. बांधावरून एकच उत्तर यायचं, "आयकू नाई येऊन राह्यलं!"

सव्वीस जानेवारीला सरपंच मधुकररावांनी विचारलं, "आनखी कोनाले काई बोलाचं हाय?"

मी उभी राहिले. आणि तोंडातून निघालं, "हाऽऽ हो!"

सभा दचकली, मग हशा पिकला. "अवं पोरी, हे वावर नोहे!" कुणीतरी ओरडलं.

मी खाली बसणार, तोच चपलांजवळून आवाज आला, "उडाली ना पाखरं? आता बोल, बाई."

मी बोलले. तेवीस घरं, अकरा मुली, चार किलोमीटर. मधुकररावांनी तिथंच ठराव लिहायला लावला, आणि जूनमध्ये एसटी टोलीवर थांबली.

आता मी वर्ध्याला बीए करते. परवा आत्यासाठी नव्या चपला घेऊन गेले. पायात घालून ती म्हणाली, "ह्या घालून पुढंच बसतो आता, सतरंजीवर."

मचाणीवर नववीतली सरिता उभी होती.

"हिले काय मागाचं हाय, आत्या?"

"मले काऊन इचारून राह्यली? तिले तोंड हाय ना!" आणि सरिताकडे वळून ओरडली, "आयकू नाई येऊन राह्यलं!"