तीन भाकऱ्यांचा वेळ

लेकीनं काल वन-नॉर्थ भागातल्या तिच्या ऑफिसातून बाळंतपणावरचं एक जुनं अमेरिकन पुस्तक घरी आणलं. उघडल्याबरोबर कुबट, गोडसर वास आला आणि पातेल्यात उकळणाऱ्या कात्रीचं चित्र दिसलं. आमचा फ्लॅट, खालचा रस्ता, सगळं हळूहळू लांब गेलं. हेच चित्र अमेरिकन मिशनच्या बाईंनी गावात वाटलेल्या मराठी पुस्तिकेत होतं.

मी चौथीत होते. आई आतल्या खोलीत कण्हत होती. तिचं आधीचं बाळ धनुर्वातानं गेलं होतं. घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून दाराआडून वाचत होते. धूर डोळ्यांत, आवाज अगदी बारीक.

"मोठ्यानं वाच की, मूग गिळलेस का?" सुईण गंगामावशी ओरडली. "नाळ कापायची विळी उकळायची म्हणतेस, पण किती वेळ?"

नेमका तोच कोपरा वाळवीनं खाल्ला होता. ठाऊक नाही म्हटलं असतं, तर तिनं विळी उकळलीच नसती.

"तीन भाकऱ्या थापून भाजेपर्यंत," मी वाचल्यासारखं म्हणाले.

"अमेरिकेत भाकऱ्या करतात होय गं?" मावशी हसली, पण विळी पाण्यात टाकली.

भाऊ जगला. त्या थापेची धाकधूक मात्र इतकी वर्षं माझ्यापाशी राहिली.

"यात किती वेळ उकळायला सांगितलंय गं?" मी लेकीला विचारलं.

"दहा मिनिटं. का, आई?"

"काही नाही."

मी ओट्याशी गेले, तवा ठेवला आणि घड्याळाकडे बघत भाकरी थापायला घेतली. तिसरी उतरवली तेव्हा दहा मिनिटं होऊन वर एक गेलं होतं.