गाडीवान बाहेरच थांबतो

माझ्या मुलीची एक लाडकी जपानी मालिका आहे. हजारेक वर्षांपूर्वीचा दरबार, पिशाच्चं, शाप, करणी, आणि हे सगळं निस्तरणारा एक देखणा मांत्रिक. मँचेस्टरच्या आमच्या घरात मुलगी त्या मांत्रिकावर फिदा होती. मला आवडायचा त्याचा गाडीवान.

गाडीवान म्हणजे मांत्रिकाची बैलगाडी हाकणारा. पन्नाशीचा, जाडसर, सतत कुरकुरणारा. मांत्रिकाला शापित हवेलीपाशी न्यायचं आणि दाराबाहेर थांबायचं, एवढंच त्याचं काम. आत भुतं नाचायची, पडदे पेटायचे, राजकन्या किंचाळायच्या. बाहेर हा बैलाच्या पोटाला टेकून भाताचा गोळा खात बसलेला. मी पाहिलेल्या भागांत त्याला एकही भूत दिसलं नाही. मांत्रिक बाहेर आला की हा जांभई देऊन विचारायचा, "निघायचं?" संपला त्याचा संवाद.

"अगं, एवढ्या थंडीत त्याला कुणी आत ये म्हणत नाही?" मी चिडायचे.

"आई, तो मायनर कॅरेक्टर आहे. चिल."

चिल कसली! पोहण्याचा क्लास, ड्रामा क्लब, शनिवारची मराठी शाळा, मैत्रिणींचे वाढदिवस, या पोरीचं सगळं बालपण मी कार पार्कमध्ये बसून काढलंय. नवरा मोटरवेला घाबरतो, त्यामुळे आमच्या घरची गाडी मीच हाकते. आत काय चालतं ते मला कधी कळलं नाही. डब्यातली पोळीभाजी खात मी काचेतून दाराकडे बघत बसायचे, आणि ती बाहेर आली की विचारायचे, "निघायचं?"

तिला ग्लासगोच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला तेव्हा मी मनातल्या मनात गाडीची टाकी भरूनसुद्धा टाकली. तर बाईसाहेब म्हणाल्या, "मी ट्रेननी जाणार. एकटी. सगळे एकटेच जातात."

सगळे म्हणजे कोण, असं मी विचारलं. ती फोनवर तिकिटं बघत बसली. मला फार लागलं ते. इतकी वर्षं हिला दारोदार पोचवली, आणि शेवटच्या दाराशी मी नको? पण मीही कमी मानी नाही. जा म्हटलं. रजा मात्र टाकून ठेवली, उगाच.

त्यात नागपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. हॉस्टेलची खोली बुधवारी मिळणार होती. बुधवारी उत्तरेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेला प्रवास अशुभ, आणि ग्लासगो इथून थेट उत्तरेला. "अगं, बुधवारी पोरीला उत्तरेला धाडतेस? पंचांग तरी बघायचं!" उपायही त्यांनीच सांगितला, प्रस्थान ठेवा. म्हणजे चांगल्या दिवशी तांदूळ, सुपारी आणि हळकुंड पोटलीत बांधायचं आणि जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. मग खरं निघताना पोटली उचलायची आणि पुढे जायचं.

मला वाटलं, पोरगी डोळे फिरवेल. ती सोफ्यावरून उडी मारूनच उठली. मालिकेत अगदी हेच होतं म्हणे. उत्तरेला देव बसलाय, तिकडे सरळ जायचं नाही, म्हणून मांत्रिक आदल्या रात्री पूर्वेला दुसऱ्याच घरी मुक्काम करतो आणि तिथून तिरका निघतो. गाडीवान बैल वळवत शिव्या घालतो.

"आई, हे आपण पण करतो? इतका कूल गोष्ट आणि तू मला कधी सांगितली नाही?"

मराठी शाळेत नेत होते तेव्हा यातलं काहीच कूल नव्हतं. जपानला वळसा घालून आल्यावर झालं.

रविवारी तिने फोनवर कंपास लावून गल्लीतलं बरोबर उत्तरेचं घर शोधलं. तिथे एक इंग्रज आजोबा एकटेच राहतात. त्यांनी पोटली दोन्ही हातांत घेतली आणि हिला खायला काही घालावं लागतं का, असं अदबीने विचारलं. आत तांदूळ आहेत म्हटल्यावर त्यांनी ती फ्रिजमध्ये ठेवली.

मग पोरीने डाव टाकला. मांत्रिक दुसऱ्या घरी मुक्काम करतो ना, तशी तीही मंगळवारी रात्री पूर्वेकडच्या मैत्रिणीकडे राहणार आणि सकाळी तिथूनच स्टेशनवर जाणार! आमचंच शास्त्र माझ्यावर उलटलं. मैत्रिणीकडे सामान पोचवायला गाडीवान लागलाच. घरी परतल्यावर मी डिशवॉशर असताना हाताने सगळी भांडी घासली.

बुधवारी सकाळी फोन वाजला. "आई, पोटली राहिला. आजोबांच्या फ्रिजमध्ये. आजी विचारणार."

जिने कंपास लावून घर शोधलं, ती पोटली कशी विसरली, हे मी विचारलं नाही. आजोबांकडून ती गारढोण पोटली घेऊन मैत्रिणीच्या घरापाशी पोचले, तर ही दोन बॅगा, उशी आणि राइस कुकर घेऊन फुटपाथवर उभी.

"ट्रेनमध्ये एवढा सामान जाणार नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आणि तो मांत्रिक कधी गाडीशिवाय जातो का?"

"निघायचं?" मी म्हटलं.

रस्ताभर ती मालिकेचा शेवट सांगू का म्हणून मागे लागली होती. गाडीवान मरत नाही, एवढंच मी तिच्याकडून वदवून घेतलं.

ग्लासगोला हॉस्टेलसमोर सामान उतरवण्यापुरतंच थांबता येत होतं. तिने बॅगा एकेक करून आत नेल्या. मी सवयीने सीट मागे घेतली, डबा उघडला आणि काचेतून दाराकडे बघत बसले. आता ती बाहेर येईल ती फक्त टाटा करायला, हे मला कळत होतं.

ती आली. हातात पोटली तशीच. तिने काचेवर टकटक केलं.

"आई, इथे काय बसलीस? आत ये ना. मी किटली लावलाय."

पार्किंगवाला माझ्याकडे रोखून बघत होता. बघू दे म्हटलं. मी डब्याला झाकण लावलं, गाडी बंद केली आणि तिच्या मागोमाग आत गेले.