कोट घातलेला बैल

ती घटना आजही आठवते ती एका चित्रामुळे. काष्टीजवळच्या एका खेड्यातल्या विधवा बाईचा बैल गोठ्यातून चोरीला गेला होता. पेरणी तोंडावर आलेली आणि जोडीतला एकच बैल दावणीला उरलेला. फिर्याद घेतली, पंचनामा केला, आजूबाजूचे बाजार पालथे घातले, पण हाती काही लागलं नाही.

मग एके दिवशी बाई तडक ठाण्यात माझ्या टेबलापाशी आली. नातीच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं. तिथे चित्रकलेच्या सरांनी जलरंगात जनावरांची ग्रामसभा रंगवली होती. शेळ्या बशीतून चहा पीत होत्या, गाढव भाषण ठोकत होतं आणि सरपंचाच्या खुर्चीत कोट घातलेला बैल बसला होता.

"साहेब, खुर्चीतला माझा हाय," बाई म्हणाली. "फाटका कानबी तसाच काढलाय त्येचा."

सरांना चित्रासकट बोलावलं. माणूस सरळमार्गी, दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारा. उन्हाळ्यात नदीवर हा बैल पाहिला होता, आठवणीतून काढला, असं त्यांनी सांगितलं. जबाब चोख होता. इतका चोख जबाब मला कधी पचत नाही. शिवाय बोलताना ते माझी नजर टाळत होते.

मी चित्र न्याहाळलं. बैलाची शिंगं तासलेली, बारीक, चकचकीत. जनावर तरुण दिसावं म्हणून बाजारात नेण्याआधी शिंगं तासतात. चोरालाही ते सोयीचं, ओळख बदलते. बाईला विचारलं, शिंगं कधी तासली होती?

"कदीच न्हाई. आमचे मालक तासू देत नव्हते, मीबी दिली न्हाईत."

म्हणजे सरांनी बैल पाहिला तो चोरीनंतर. मी आवाज चढवला नाही.

"सर, ही शिंगं कोणाच्या गोठ्यात पाहिलीत?"

सरांनी चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं.

"दाजींच्या," शेवटी ते म्हणाले. "मला वाटलं, विकत घेतलाय. ही बाई चित्रापुढं रडली तवा कळलं. बहिणीच्या संसाराकडं बघून खोटं बोललो, साहेब."

पंचांना घेऊन गेलो. बैल गोठ्यातच होता. दाजीला अटक झाली आणि बाईची पेरणी वेळेवर झाली.

संशय घेणं हा आमचा धंदाच. पण समोरचा खोटं बोलतोय हे कळल्यावर तो कोणासाठी बोलतोय, हेही विचारावं, हे मी त्या दिवशी शिकलो. सरांनी कोर्टात सख्ख्या बहिणीसमोर साक्ष दिली. ती अजून त्याच चर्चमध्ये येते, पण भावाने पेटी उघडली की उठून बाहेर जाते.