हद्दीबाहेरचा अपघात

नोकरीत पुष्कळ प्रकरणं हाताळली. त्यातलं हे एक अजून आठवतं, आणि आठवलं की थकल्यासारखं होतं.

तेव्हा मी नांदेड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लातूरकडचे एक आडत व्यापारी फिर्याद घेऊन आले. अर्धापूरजवळ ट्रकनं त्यांच्या गाडीला समोरून धडक दिली आणि ट्रक पळाला, असं सांगत होते. त्यांचा ड्रायव्हर नांदेडच्या दवाखान्यात होता. त्याचा पाय चेंगरला होता.

नाकाबंदी लावली. दुपारी बंपर वाकलेला एक ट्रक सापडला. व्यापाऱ्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "हाच." ट्रकवाला उमरीचा. हात जोडून एकच सांगत होता, "साहेब, मी कोणाला बी ठोकलं न्हाई."

स्थळ पंचनाम्यात मला एक गोष्ट खटकली. गाडीचा पुढचा भाग चेपलेला, पण रस्त्यावर काचेचा तुकडा नव्हता, तेलाचा डागही नव्हता. संध्याकाळी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, ती गाडी तिथं धडकली न्हाई. ट्रेलरवरून उतरवली."

दुसऱ्या दिवशी मी ट्रकवाल्याला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, जखम ताजी वाटत नाही. मी ड्रायव्हरला विचारलं, "यानंच ठोकलं का?"

तो ट्रकवाल्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्याला सोडा साहेब. आम्ही पशुपतिनाथाला गेलतो. नेपाळच्या घाटात गाडी माझ्याच हातून खाली गेली."

सगळा उलगडा झाला. गाडी नेपाळात न्यायची तर जादा हप्ता भरून विमा तिथपर्यंत आधी वाढवून घ्यावा लागतो. गाडीच्या मालकांनी, म्हणजे त्या व्यापाऱ्यांनी, तो वाढवलाच नव्हता, म्हणून अपघात इथला दाखवून ट्रकवर घातला.

"आता तुला विम्यातून काही मिळणार नाही," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. पण त्याच्या घरी बी वाट बघून राहिले असतील की."

ठाण्यात मालकांना समोर बसवलं. आधी त्यांनी आवाज चढवला, मग खाली बघत म्हणाले, "गाडीचं जाऊ द्या. माझ्या कामावर असताना त्याचा पाय चेंगरला. त्याला कायतरी मिळावं म्हणून केलं."

"आणि ट्रकवाल्याचं काय?"

"तेवढा इचार केला न्हाई."

ट्रकवाला सुटला. मालकांवर गुन्हा दाखल झाला. जबाबावर सही करताना ड्रायव्हरनं विचारलं, "मालकाला लई त्रास होईल का?" मी हो म्हणालो. तरी त्यानं सही केली. पुढच्या आठवड्यात त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दोषारोपपत्र मीच पाठवलं.

वरिष्ठांनी तपासाचं कौतुक केलं. मला काही आनंद झाला नाही. माणसं बहुधा आपल्या माणसासाठीच खोटं बोलतात, आणि ते कुणा परक्याच्या मानेवर पडतं तिकडे बघत नाहीत, एवढं मात्र तेव्हापासून पक्कं कळलं. त्या दवाखान्यात ज्या ड्रायव्हरनं परक्या ट्रकवाल्याकडे बघितलं, त्याला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.