आरती आठला

दोन मोबाइल कंपन्या एक झाल्या आणि पाटणकर बाजारातला एक टॉवर उतरवला गेला. दोघींची गिऱ्हाइकं उरलेल्या एकाच टॉवरवर. त्यात गणपती आले. शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी घरांतली मुलं आता पुण्या-बंगळुरूला; म्हणून संध्याकाळी सातला देवापुढे फोन उभा करायचा आणि मुलांनी तिकडून आरती म्हणायची, अशी रीतच पडली होती. फोन अडकू लागले.

यावर कंपनीने काय करावं? दुसरा टॉवर? छे! उपदेश आम्हालाच: सात ते आठ फोन टाळा, नेटवर्कचा भार हलका करा, जादा डेटा मिळवा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आणि आमची माणसं? साऱ्या गल्लीने एकमताने आरती आठला नेली. डेटाही पदरात, देवही खूश. आठ वाजले की घरोघरी फोन एकदम सुरू आणि टॉवर ठप्प. लोक हसत होते. मला संताप येत होता, कारण बाबा तिथे एकटे राहत.

आरती झाली की ते मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला, फोन करत, "झाली गं आरती." त्या संध्याकाळी फोन आला नाही. मी लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. शेवटी ऑटो करून गेले आणि माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. बाबा देव्हाऱ्यासमोर पडलेले, खुब्याचं हाड मोडलेलं, एका हातात फोन, दुसऱ्या हातात पूजेची घंटी. फोन लागेना म्हणून ते घंटी वाजवत राहिले होते.

खालच्या काकू रडकुंडीला आल्या. "आवाज येत होता गं, पण आम्हाला लागलं, आज काकांची आरती लंबी चालली आहे."

दुसऱ्या दिवशी इस्पितळात बाबांच्या फोनवर कंपनीचा मेसेज आला. काल संध्याकाळच्या गर्दीत एकही कॉल न करता आपण नेटवर्कला मदत केलीत, अभिनंदन, जादा डेटा जमा झाला आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तो पुसायला निघाले, तर बाबांनी मनगट धरलं.

"पुसू नको. जवाब दे त्यांना. म्हणावं, मी गप्प नव्हतो. किती वेळ आवाज लावत होतो."

मी तसंच लिहिलं. तेही गेलं नाही.